सीमा आणि ऋण : प्रदेशाच्या व्याख्येतील एक नैतिक प्रश्न

१

'मराठवाडा' हे नाव मराठी समीक्षेत इतक्या सहजपणे वावरते, की त्याने नेमक्या कोणत्या भूभागाचा निर्देश होतो हे विचारण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. मराठवाड्याची कविता, मराठवाड्याची कथा, मराठवाडी बोली, मराठवाड्याची अस्मिता ही पदे आपण सिद्ध वस्तूंची नावे असावीत तशी वापरतो. प्रदेश आधी असतो, त्याचा स्वभाव ठरलेला असतो आणि साहित्य त्या मातीतून पिकासारखे उगवते, असे एक गृहीतक या वापरामागे उभे असते. ते एकदा मान्य केले की समीक्षकाकडे उरते ते प्रतवारीचे काम : कोणती कृती अस्सल मराठवाडी, कोणती बेगडी, कोणता लेखक आतला, कोणता बाहेरचा.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. प्रदेशाची सीमा कोठे पडते हा प्रश्न वरवर भूगोलाचा किंवा भाषाशास्त्राचा वाटतो. नकाशा उघडला, बोलींची पाहणी केली, जुने दप्तर चाळले की उत्तर हाती येईल अशी आपली समजूत असते. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. ही सीमा कोण आखतो आहे, कोणापुढे मांडण्यासाठी आखतो आहे, आणि ती आखून झाल्यावर तिच्या आत आलेल्यांचे तो काय देणे लागतो? पहिला प्रश्न ज्ञानाचा आहे, दुसरा नीतीचा. दुसऱ्याला वळसा घालून पहिल्याचे उत्तर देता येत नाही, असे माझे प्रतिपादन आहे. त्यासाठी मराठवाड्याचे उदाहरण घेतले आहे; कारण प्रदेश कसा घडतो, त्याचा उपयोग कसा केला जातो आणि त्या उपयोगाची किंमत कोणाला मोजावी लागते, या तिन्ही गोष्टी येथे लेखी पुराव्यानिशी दिसतात.

२

प्रदेशाच्या व्याख्येसाठी सामान्यतः तीन निकष पुढे केले जातात : निसर्ग, भाषा आणि राज्यव्यवस्था.

उत्तरेस अजिंठ्याचे डोंगर, मध्ये गोदावरीचे खोरे, दक्षिणेस बालाघाट, ही मराठवाड्याची नैसर्गिक चौकट शाळेच्या पुस्तकापासून आपल्या मनात ठसलेली असते. परंतु सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगराखाली, तापीच्या खोऱ्यात आहे. तेथले पाणी आणि तेथल्या वाटा खानदेशाकडे उतरतात. ना. धों. महानोरांचे पळसखेडे याच तालुक्यातले, आणि त्यांचे महाविद्यालयीन शिक्षणाचे गाव जळगाव. 'रानातल्या कविता' हा त्यांचा संग्रह १९६७ चा. त्यातले रान कोणत्या प्रदेशाचे, असे विचारले तर महसुलाचे दप्तर एक उत्तर देईल आणि पाण्याचा उतार दुसरे. पश्चिमेकडे प्रवरासंगमावर कायगाव आणि टोके ही गावे गोदावरीच्या दोन काठांवर समोरासमोर उभी आहेत. एक मराठवाड्यात, दुसरे नगर जिल्ह्यात. नदीने माणसांना वेगळे केले म्हणून ही हद्द पडलेली नाही. एका काठावर इंग्रजांचा अंमल होता आणि दुसऱ्यावर निजामाचा, म्हणून ती पडली. धाराशिव आणि बीड या जिल्ह्यांचा काही भाग तर गोदावरीच्या खोऱ्यातच नाही. तो भीमेच्या खोऱ्यात मोडतो.

भाषेचा निकष अधिक जवळचा वाटतो, पण तोही टिकत नाही. लातूर-धाराशिवकडची बोली बार्शी-सोलापूरशी जितकी मिळतीजुळती आहे तितकी ती वैजापूर-गंगापूरच्या बोलीशी नाही. वैजापूरचे बोलणे कोपरगाव-येवल्याशी सोयरीक सांगते, तर किनवट-माहूरकडचे यवतमाळशी. देगलूर-बिलोलीत तेलुगू आणि उदगीर-निलंग्यात कन्नड घरोघरच्या मराठीत मिसळलेली आहे. तांड्यांतून बोलली जाणारी गोरबोली आणि शहरांतून बोलली जाणारी दखनी यांचा तर या हिशेबात उल्लेखही होत नाही. 'मराठवाडी बोली' म्हणून जे एकवचन आपण वापरतो ते अनेक बोलींच्या माथी मारलेले एक सोयीचे नाव आहे.

उरला राज्यव्यवस्थेचा निकष. मराठवाड्याची हद्द प्रत्यक्षात ठरली ती यानेच. पण कशी ठरली हे पाहण्यासारखे आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे मुलूख इंग्रजांच्या हवाली केले. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च थकला होता, त्या देण्यापोटी हा व्यवहार झाला. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. आज धाराशिव मराठवाड्यात आहे आणि जालन्याच्या शेजारचे सिंदखेडराजा विदर्भात, याचे मूळ त्या हिशेबात आहे. मातीचा, बोलीचा, देवदैवतांचा फरक तेथे शोधू जाणाऱ्याच्या हाती एक थकलेले खाते लागते.

१९५६ ची राज्यपुनर्रचना त्याहून बोलकी आहे. हैदराबाद राज्य त्रिभागले गेले. औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद आणि थोडा भाग वगळून नांदेड हे मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके त्यांना जोडले गेले. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुकेही नांदेडला जोडण्यात आले. किनवट तेथेच राहिले. राजुरा मात्र १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात गेले. एकाच निजामी जिल्ह्यातून, एकाच कायद्याने, एकाच दिवशी आलेल्या दोन तालुक्यांपैकी एक आज मराठवाडा आहे आणि दुसरा विदर्भ. राजुऱ्यात मराठवाडीपण तीन वर्षे होते आणि मग ते संपले, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. पण प्रदेशाला अंगभूत स्वभाव असतो असे मानणाऱ्याला तसेच म्हणावे लागेल.

शिवाय राज्यव्यवस्था एकच मराठवाडा आखत नाही. १९८१ मध्ये औरंगाबादला सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या कक्षेत नगर, जळगाव आणि धुळे हे जिल्हेही आले. विद्यापीठाची कक्षा १९९४ मध्ये दुभागली आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे दुसरे विद्यापीठ झाले. रेल्वेने तर निजामाची हद्द अजून पुरती पुसलेली नाही. २००३ मध्ये नांदेड विभाग झाला, तोही सिकंदराबादला मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेतच. न्याय मागणाऱ्याचा मराठवाडा, पदवी मागणाऱ्याचा मराठवाडा आणि गाडीची वाट पाहणाऱ्याचा मराठवाडा हे तीन वेगळे प्रदेश आहेत. आणि ज्यांच्या नावाने हे दुसरे विद्यापीठ आहे, मुक्तिसंग्रामाचे जे सर्वमान्य नेते, त्यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा.

३

हा अनुभव एकट्या मराठवाड्याचा नाही. युरोप आणि आशिया यांच्यामध्ये समुद्र नाही. प्राचीन ग्रीकांपासून दीर्घकाळ डॉन नदी ही त्यांची सरहद्द समजली जात होती. ती उरल पर्वतावर नेण्याची कल्पना अठराव्या शतकात मांडली गेली, आणि ती मांडणाऱ्यांत तातिश्चेव हा रशियन राज्यकर्मचारी प्रमुख होता. पीटरनंतरच्या रशियाला आपला गाभा युरोपात आणि आपला विस्तार आशियात दाखवावयाचा होता. पर्वत तेथे आधीपासूनच होता. त्याला सीमा केले ते एका राज्याच्या गरजेने.

मिलान कुंदेरा यांनी १९८३ मध्ये मध्य युरोपाविषयी लिहिलेला निबंध या संदर्भात आठवतो. प्राग, बुडापेस्ट, वॉर्सा ही शहरे राजकीय नकाशावर पूर्वेत ढकलली गेली असली, तरी संस्कृतीने ती पश्चिमेचीच आहेत, आणि पश्चिमेला आपला हा अवयव तुटल्याची जाणीवही उरलेली नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या निबंधातील मध्य युरोप हे भूगोलाचे विधान नव्हते. ती एक मागणी होती. विसरणाऱ्यांपुढे मांडलेली, आणि म्हणून न्याय्य. परंतु मागणीला जोर यावा म्हणून त्यांनी रशियाला युरोपीय संस्कृतीहून मुळातच निराळी संस्कृती ठरवले, आणि तेथे तिचे स्वरूप पालटले. 'आम्हांला विसरू नका' हे वाक्य 'ते आमच्यासारखे नाहीत' या वाक्यात शिरले. पहिल्या वाक्याला पुरावा लागत नाही, दाद लागते. दुसऱ्याला पुरावा लागतो, आणि तो कधीच पुरेसा नसतो.

येथून एक भेद हाती येतो. एक असते मागणीची सीमा : अमुक लोकांवर अन्याय झाला, त्याचे माप घ्यावयाचे तर ते लोक कोण हे सांगावे लागते, म्हणून आखलेली. दुसरी असते स्वभावाची सीमा : अमुक लोक मुळातच निराळे, म्हणून आखलेली. पहिली कारणापुरती असते आणि कारण संपले की मावळण्यास तयार असते. दुसरीला शेवट नसतो. व्यवहारात पहिली फार लवकर दुसरीचा वेष घेते, आणि प्रादेशिकतेच्या बहुतेक साऱ्या नैतिक अडचणी या वेषांतरातून निर्माण होतात.

४

मराठवाड्याची आधुनिक व्याख्या ही मागणीच्या सीमेचे शुद्ध उदाहरण आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याचे पुढारी सहभागी झाले, तेव्हा निधी, शिक्षणाच्या सोयी आणि नोकऱ्या यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल असे त्यांना सांगण्यात आले होते. मराठवाडा नंतर विनाअट महाराष्ट्रात आला ही अभिमानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण विनाअट याचा अर्थ विनावचन असा नव्हता. घटनेच्या ३७१ व्या कलमाने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे नेमण्याची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची तरतूद करून ठेवली. ती प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. मधल्या काळात १९७४ चे विकास आंदोलन झाले, आणि १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीचा अहवाल आला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

या तरतुदीतले तिसरे नाव लक्षपूर्वक वाचावे. 'उर्वरित महाराष्ट्र' हा कोणता प्रदेश आहे? कोकण, खानदेश आणि देश यांना एका नावाखाली आणणारी माती कोणती, बोली कोणती, दैवत कोणते? असे काहीही नाही. जे मागणारे नव्हेत ते उर्वरित. या एका शब्दात प्रदेशाच्या व्याख्येचे खरे व्याकरण उघडे पडते. मागणाऱ्याला नाव असते. ज्याच्याकडे मागावयाचे त्याला नावाची गरज नसते. धनको आणि ऋणको यांच्यातली ही रेषा आहे, आणि तिची भाषाही हिशेबाची आहे : अनुशेष, वाटा, समन्यायी वाटप. १८५३ ची हद्द एका ऋणातून जन्मली होती. शंभर वर्षांनी तीच हद्द दुसऱ्या ऋणाची चौकट झाली.

दांडेकर समितीने या चौकटीला दिलेला धक्का मात्र पुरेसा लक्षात घेतला गेला नाही. समितीने जिल्हा हा घटक धरला आणि राज्याच्या सरासरीशी त्याची तुलना केली. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे १,१८९ कोटी. ज्याला सरसकट देणेकरी समजले जात होते, त्याच्याही पोटात घेणेकरी निघाले. मोजपट्टी बारीक केली की प्रदेशाची रेषा पुसट होते. जिल्ह्याऐवजी तालुका धरला, तालुक्याऐवजी गाव, गावाऐवजी वस्ती, तर हिशेब प्रत्येक पायरीवर बदलतो. प्रश्न असा, की मोजपट्टी कोठे थांबवावयाची हे कोण ठरवतो?

५

ही मोजपट्टी प्रदेशाच्या आत वळवण्याची वेळ मराठवाड्यावर आली ती विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नात. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात खेडोपाडी दलितांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली, वस्त्या गाव सोडून गेल्या. ठरावाची अंमलबजावणी सोळा वर्षे रखडली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि दोन्ही नावे एकत्र आली.

विरोधाचा जो वैचारिक युक्तिवाद होता, तो या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हे विद्यापीठ या मागास प्रदेशाला झगडून मिळालेले आहे, 'मराठवाडा' हे नाव त्या झगड्याची खूण आहे, ते पुसणे म्हणजे प्रदेशाची अस्मिता पुसणे, असे म्हटले गेले. असे म्हणणारे सारेच जातिद्वेषाने प्रेरित होते असे नव्हे. त्यांत निजामाशी लढलेले लोक होते, मराठवाड्याच्या न्याय्य हक्कांसाठी आयुष्य वेचलेले लोक होते. म्हणूनच त्या युक्तिवादातली चूक सुटी करून दाखवली पाहिजे. मराठवाडा हे नाव मागणीचे होते. पुण्या-मुंबईपुढे ते उच्चारले जात होते तोवर त्याच्या आत सगळे होते : जमीनमालक, सालगडी, गावकुसाबाहेरची वस्ती, तांडा, मोहल्ला. अनुशेषाचे आकडे काढताना या सर्वांची डोकी मोजली गेली होती, आणि जी दारिद्र्याची आकडेवारी प्रदेशाच्या वतीने पुढे केली जात होती, तिच्यात सर्वांत मोठा भार याच वस्त्यांच्या दारिद्र्याचा होता. १९७८ मध्ये त्याच वस्त्यांनी आपला अनुशेष मांडला, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की तुमची मागणी मराठवाड्याच्या विरोधात आहे. मोजताना आत, मागताना बाहेर. जो मराठवाडा दिल्ली-मुंबईपुढे धनको म्हणून उभा होता, तो आपल्या घरात ऋणको असल्याचे मान्य करण्यास तयार नव्हता.

येथे मिलिंद महाविद्यालयाची आठवण करून दिली पाहिजे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत उच्च शिक्षणाची सोय केली ती १९५० मध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या आठ वर्षे आधी. 'अस्मितादर्श' सारखे नियतकालिक याच शहरातून निघाले आणि त्याने मराठी साहित्याचा नकाशा पालटला. प्रदेशाच्या नावावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आधी कोण आले या कसोटीवर लढवला तरी त्याचे उत्तर नामांतरविरोधकांना सोयीचे नव्हते.

दुसरा एक हिशेब याहून अधिक काळ झाकलेला राहिला. रझाकारांनी केलेले अत्याचार मराठवाड्याच्या स्मृतीत आहेत, आणि ते असावयासच हवेत. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. सर्वाधिक होरपळलेले म्हणून तिने जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले दोन आहेत. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. १७ सप्टेंबर हा मराठवाड्याचा जन्मदिवस मानला, तर जन्माच्या वेळी आत असलेल्या सर्वांचे त्या दिवशी काय झाले, हे सांगण्याची जबाबदारीही त्या नावावर येते.

६

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. मागणीची सीमा तात्पुरती आहे, ती मावळण्यास तयार असली पाहिजे, असे म्हटले की त्याचा पहिला लाभ बलिष्ठ घेतो. 'आता आपण सारे मराठी आहोत, प्रादेशिक भाषा कशाला?' हे वाक्य आपण साठ वर्षे ऐकत आलो आहोत, आणि ते बहुधा ज्याच्याकडे देणे थकले आहे त्याच्याच तोंडून. ऐक्याच्या नावाने ऋण बुडवण्याचा तो मार्ग आहे. सीमा कृत्रिम आहे हे सिद्ध केले म्हणून तिच्या आधाराने मांडलेली तक्रार खोटी ठरत नाही. नकाशावरची रेषा कल्पित असेल. तिच्या अलीकडे न आलेली रेल्वे कल्पित नव्हती.

आक्षेप मान्य केला पाहिजे. सीमा पुसण्याचा अधिकार घेणेकऱ्याचा आहे, देणेकऱ्याचा नाही, असे त्याचे उत्तर देता येईल. पश्चिम महाराष्ट्राने मराठवाड्याला 'वेगळेपण विसरा' असे सांगणे अनुचित. मराठवाड्याने ते आपणहून विसरणे हे समाधानाचे चिन्ह. पण हे तत्त्व एका पायरीवर थांबवता येत नाही, आणि त्याची खरी कसोटी तेथेच आहे. मराठवाड्यातल्या वरिष्ठांनी दलित वस्तीला 'आपण सारे मराठवाडी' असे सांगणेही मग तितकेच अनुचित ठरते. प्रदेशाने वर जे मागितले ते खाली नाकारले, तर त्याच्या मागणीतील नैतिक बळ त्याने स्वतःच काढून घेतले असे होते. सीमा आखणारा दोन बाजूंनी बांधला जातो : बाहेरच्याकडे तो जे मागतो, त्याच मापाने आतल्याला द्यावयास.

पाण्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जायकवाडीच्या धरणात नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे की नाही हा वाद 'मराठवाडा विरुद्ध नगर-नाशिक' असा लढवला गेला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा मात्र नदीखोऱ्याची आणि उपखोऱ्याची भाषा बोलतो, आणि प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिलेला आदेश ऊर्ध्व गोदावरीच्या संपूर्ण उपखोऱ्याने तूट वाटून घ्यावी या तत्त्वावर उभा आहे. येथे सीमा पुसली गेली ती देणेकऱ्याच्या सोयीसाठी नव्हे. दोन्ही काठ एका हिशेबात यावेत यासाठी. परंतु याच भाषेमुळे हेही दिसू लागते, की नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याचे पाणी घेणारे वैजापूर-गंगापूर मराठवाड्यातच आहेत, आणि भीमेच्या खोऱ्यातले परांडा-आष्टी जायकवाडीच्या न्यायात कोठेच बसत नाहीत. 'मराठवाड्याचे पाणी' हे पद घोषणेत एक असते, शेतावर अनेक.

आखलेली रेषा माणसाची ओळख किती खोलवर घडवते, हे बंजारा समाजाच्या उदाहरणातून दिसते. तोच समाज, तीच बोली. तेलंगणात तो अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो. १९५६ ची रेषा ज्या गावाच्या ज्या बाजूने गेली, त्यावर तांड्यातल्या मुलाचा शिक्षणातला वाटा ठरला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने मराठवाड्यातील मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. त्यापाठोपाठ त्याच गॅझेटियरचा दाखला देत बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी केली. अस्त पावलेल्या संस्थानाचे कागद आज पुन्हा घेण्यादेण्याचे कागद झाले आहेत. या मागण्यांचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. सीमेचा खरा मजकूर ऋणाचा असतो आणि राज्य गेले तरी ऋण मागे उरते, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

प्रदेशाची नैतिक व्याख्या करणे ही काही आधुनिक कल्पना नव्हे. महानुभावांच्या सूत्रपाठात चक्रधरांची महाराष्ट्रात राहण्याची आणि कानडी व तेलुगू मुलखांत न जाण्याची आज्ञा आहे. साधनेला योग्य भूमी कोणती, हा तेथला निकष होता. पुढे पंथाच्या भाष्यकारांना महाराष्ट्र म्हणजे कोठून कोठवर हे सांगावे लागले, तेव्हा त्यांनी त्याची खंडमंडळे कल्पिली, त्यांच्या बोलींत थोडथोडा पालट असल्याचे मान्य केले, आणि सर्व मिळून महाराष्ट्रच होय असा निर्णय दिला. त्यांनी फरक लपवले नाहीत आणि फरकांतून परकेपणही निर्माण केले नाही. मात्र आज्ञेच्या दुसऱ्या अर्ध्यात शेजारच्या मुलखांविषयी जो निवाडा आहे, तो आज कोणालाही तसाच उचलता येणार नाही. आपली भूमी साधनेची आणि दुसऱ्याची विषयांची, ही वाटणी स्वभावाच्या सीमेचीच जुनी आवृत्ती आहे.

७

साहित्यसमीक्षेसाठी यातून काय निष्पन्न होते?

'मराठवाड्याचे साहित्य' हे पद प्रथम मागणी म्हणून आले. मराठी साहित्याचा इतिहास पुण्या-मुंबईच्या अनुभवावर बेतला जात असताना, उर्दू माध्यमाच्या शाळांतून वाट काढत मराठी लिहिणाऱ्या लोकांना आपली नोंद व्हावी असे वाटले. हैदराबाद संस्थानात मराठी साहित्य परिषद उभी राहिली, पुढे 'प्रतिष्ठान' सारखे नियतकालिक निघाले, ते याच गरजेतून. परभणीच्या बी. रघुनाथांना १९५३ मध्ये अकाली मृत्यू आला. त्यांच्या लेखनाला मिळालेली दाद त्याच्या तोलाची नव्हती. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा' (१९७१) मधली बोली मराठी कादंबरीत आली तेव्हा तिच्यासाठी जागा करावी लागली. ही जागा मागणे न्याय्य होते, आणि ज्या प्रमाणात ती मिळाली त्या प्रमाणात मराठी साहित्य मोठे झाले.

मागणी अंशतः पुरी झाल्यावर हे पद मावळले नाही. त्याने गुणधर्माचे रूप घेतले. दुष्काळ, कोरडवाहू शेती, सोशिकपणा, रांगडी बोली या लक्षणांची यादी झाली आणि ती यादी लेखनाची कसोटी झाली. जे पद बाहेरच्या उपेक्षेविरुद्ध उभे राहिले होते, ते आतल्या लेखकाला 'तू पुरेसा मराठवाडी नाहीस' असे सांगू लागले. शहरी, स्त्रीकेंद्री, चिंतनपर लेखनाची या कसोटीने जी कुचंबणा केली ती पुण्या-मुंबईच्या उपेक्षेहून वेगळी नाही.

तेव्हा समीक्षेने हे पद टाकून द्यावे असे नाही. ज्या हेतूने ते आले त्या हेतूशी त्याने प्रामाणिक राहावे. तसे केले तर काही कामे समोर येतात. वली आणि सिराज हे दोन मोठे दखनी-उर्दू कवी औरंगाबादचे. सिराजचा तर १७६४ मध्ये अंतही याच शहरात झाला. मराठवाड्याच्या काव्याच्या इतिहासात त्यांचे स्थान काय, हा प्रश्न आपण उर्दूच्या इतिहासकारांवर सोपवून मोकळे झालो आहोत. मराठी ही मराठवाड्याची भाषा आहे हे निजामापुढे म्हणणे मागणी होती. सिराजपुढे तेच म्हणणे हद्दपारी आहे. तांड्यांतील गोरबोलीची गाणी, भिल्लांची आणि किनवटकडच्या गोंड-कोलामांची मौखिक परंपरा यांनाही हाच न्याय लागू पडतो. आणि महानोरांसारख्या कवीला मराठवाड्याचा म्हणावे की खानदेशाचा, या वादात वेळ दवडण्यापेक्षा, दोन प्रदेशांच्या उतरणीवर उभे राहिल्याने त्या कवितेला काय दिसले ते पाहणे अधिक फलदायी ठरेल.

मराठवाड्याची प्रातिनिधिक संकलने आणि विद्यापीठांचे अभ्यासक्रम यांना यापुढे एक प्रश्न विचारावा लागेल. या नावाने आपण मराठी साहित्याकडे जो वाटा मागितला, त्यातला किती वाटा या नावाखाली मोजल्या गेलेल्या सर्वांपर्यंत पोहोचला? तेथे जो आकडा निघेल तोही अनुशेषच आहे. तो भरून देण्याची जबाबदारी मात्र या वेळी मुंबईवर ढकलता येणार नाही.